पाण्याच्या लोंढ्यातील मासे आणि डॉ. सुंदरलाल होरा

भर पावसाळ्यात डोंगरावरून धो धो कोसळणारा ओढा पाहिला, म्हणजे त्या पाण्यात एखादा जीव क्षणभर तरी तग धरील असे वाटत नाही. दगडगोटे गडगडत खाली जातात, काठची झाडे उन्मळून पडतात, वाळूचा कणही जागेवर राहत नाही. परंतु पाणी थोडे ओसरल्यावर ओढ्यातील एखादा धोंडा अलगद उलटून पाहावा, तर बोटभर लांबीचा एखादा चपटा मासा त्याला घट्ट चिकटून बसलेला आढळतो. पुराने मोठमोठे धोंडे हलविले. पण हा चिमुकला जीव मात्र जागचा हलला नाही! असे का व्हावे?

या पहिल्या कोड्याहून दुसरे कोडे अधिक गूढ आहे. याच प्रकारचे मासे आसाम, ब्रह्मदेश आणि मलाया यांच्या डोंगराळ मुलुखात सापडतात. आणि तेथून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या निलगिरी, मलबार आणि म्हैसूरच्या घाटातही त्यांचे सगेसोयरे आढळतात. मधल्या विस्तीर्ण मैदानांत मात्र त्यांचा मागमूस नाही. पक्षी उडून जाईल, वनस्पतीचे बी वाऱ्यावर जाईल. पण थंड, उथळ, खळाळत्या पाण्यावाचून जगू न शकणारा मासा इतका दूर कसा गेला असेल?

या दोन प्रश्नांचा पाठपुरावा ज्या शास्त्रज्ञाने जवळजवळ आयुष्यभर केला, त्याचे नाव डॉ. सुंदरलाल होरा. ते भारतातील अग्रगण्य मत्स्यशास्त्रज्ञ होते आणि देशाच्या प्राणिसंग्रहाची धुरा वाहणाऱ्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालकही होते.

लाहोरहून कलकत्त्यास

होरा यांचा जन्म २२ मे १८९६ रोजी पंजाबातील हाफिजाबाद या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्यांचे शालेय शिक्षण जालंधर येथे आणि महाविद्यालयीन शिक्षण लाहोर येथे झाले. १९१९ साली प्राणिसर्वेक्षणाचे संचालक डॉ. नेल्सन अॅनन्डेल यांनी लाहोरच्या कॉलेजास भेट दिली. या भेटीने होरा यांच्या आयुष्याची दिशा ठरली. अॅनन्डेल यांनी त्यांना कलकत्त्यास येण्याचे निमंत्रण दिले आणि पंजाबच्या सपाट प्रदेशातील हा तरुण त्याच वर्षी संशोधनाच्या कामाला लागला.

ज्या संस्थेत ते दाखल झाले, तिचा पूर्वेतिहास थोडा ध्यानात घेतला पाहिजे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८१४ साली एक संग्रहालय स्थापन केले. तेच पुढे ‘इंडियन म्युझियम’ म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच्या प्राणिविभागातून १ जुलै १९१६ रोजी भारतीय प्राणिसर्वेक्षण ही स्वतंत्र संस्था निर्माण झाली आणि देशभरातून गोळा केलेल्या लक्षावधी प्राणिनमुन्यांची जबाबदारी तिच्याकडे आली. असा संग्रह म्हणजे केवळ प्रेक्षकांच्या कुतूहलासाठी मांडलेले कपाट नव्हे. एखाद्या प्राण्याचे नव्याने वर्णन करून त्याला शास्त्रीय नाव दिले जाते, तेव्हा ज्या नमुन्यावरून ते वर्णन केले त्यास प्रारूप-नमुना म्हणतात. पुढे शंभर वर्षांनी त्या नावाविषयी वाद निघाला, तरी निवाडा त्या नमुन्यापाशीच होतो. जमिनीच्या व्यवहारात मूळ दस्तऐवजाचे जे स्थान, तेच प्राणिशास्त्रात प्रारूप-नमुन्याचे.

१९२१ साली मत्स्य आणि सरीसृप या विभागांची सूत्रे होरा यांच्या हाती आली. त्याच वर्षी मणिपुरातील मासे आणि तेथील मासेमारी यांविषयी त्यांचा विस्तृत लेख प्रसिद्ध झाला. त्याआधी १९२० सालीच त्यांनी पहाडी माशांच्या एका कुलातील भारतीय जातींची फेरतपासणी केली होती. निलगिरीतून वाहणाऱ्या भवानी नदीवरून ‘भवानिया’ हा नवा वंश त्यांनी याच लेखात स्थापन केला. हे नाव वाचकांनी स्मरणात ठेवावे. या कथेच्या अखेरीस ते पुन्हा येणार आहे.

महाराष्ट्राच्या ओढ्यांशीही त्यांचा संबंध लवकरच आला. अॅनन्डेल यांनी १९१९ साली खंडाळ्याच्या एका लहान माशाचे वर्णन केले होते. तो मासा पूर्वी मानलेल्या वंशात बसत नाही, हे होरा यांनी ओळखले आणि १९२१ साली त्यासाठी ‘पॅरासिलोर्हिंकस’ हा वेगळा वंश स्थापिला. पुढे देवळाली आणि पुणे येथील माशांवरही त्यांनी सहकाऱ्यासह लेख लिहिले.

जुन्या ग्रंथांचे ऋण त्यांनी वेगळ्या रीतीने फेडले. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपला ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध केला. पण त्यांनी माशांचे नमुने मागे ठेवले नव्हते, आणि त्यांनी काढून घेतलेली चित्रे हिंदुस्थान सोडताना त्यांना बरोबर नेऊ दिली गेली नाहीत. त्यामुळे त्यांनी दिलेल्या कित्येक नावांचा अर्थ लावणे कठीण झाले होते. कलकत्त्यात राहिलेल्या त्या चित्रांच्या साहाय्याने होरा यांनी १९२९ साली या ग्रंथाच्या अभ्यासकांसाठी एक मार्गदर्शिका सिद्ध केली. त्याच वर्षी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सदस्यत्व दिले. त्यांचे नाव सुचविणाऱ्यांत लाहोर येथे पूर्वी प्राणिशास्त्र शिकविणारे जॉन स्टीफनसन हेही होते.

ओढ्याने घडविलेले शरीर

होरा यांच्या पूर्वी माशांचे वर्णन बहुधा मेलेल्या नमुन्यावरून होत असे. खवले मोजावेत, परांतील काटे मोजावेत, लांबीरुंदी घ्यावी आणि नाव द्यावे, ही रीत होती. होरा यांनी खासी टेकड्यांतील आणि अन्य ठिकाणच्या ओढ्यांत उतरून जिवंत मासा कसा वागतो हे पाहिले. माशाच्या शरीरातील प्रत्येक विशेषाला पाण्याच्या वेगाचा संदर्भ लावून पाहणे, ही त्यांची पद्धत होती.

संथ पाण्यातील माशाचे अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे असते. लोंढ्यातील माशाचे अंग मात्र वरून दाबल्यासारखे चपटे होते आणि पोट सपाट होऊन खडकाला टेकते. छातीचे आणि पोटाचे पर एरवी अंगाच्या खालच्या बाजूस असतात. येथे ते बाजूंना आडवे पसरतात आणि त्यांच्या बाहेरील काट्यांवर जाड, खरखरीत कातडीची गादी तयार होते. डोळे वर सरकतात, तोंड खाली जाते. माशाला पाण्यात तरंगत ठेवणारा वाताशय येथे उपयोगाचा नसून अडचणीचाच ठरतो. म्हणून तो लहान होऊन हाडाच्या कोशात बंदिस्त होतो.

चिकटून राहण्याच्या युक्त्याही नाना प्रकारच्या आहेत. ‘गॅरा’ वंशातील माशांच्या हनुवटीखाली एक वाटोळी चकती असते; सह्याद्रीतील ओढ्यांतही हे मासे विपुल आहेत. ‘ग्लिप्टोथोरॅक्स’ या मिशाळ माशाच्या छातीवर कातडीच्या बारीक घड्या असतात. ‘बालिटोरा’ आणि त्याच्या भाईबंदांत तर सगळे शरीरच जणू एक चूषक बनते. येथे होरा यांचे निरीक्षण फार मार्मिक आहे. मासा खडकाला चिकटलेला असला, तरी त्याच्या पोटाखाली थोडे पाणी झिरपत राहतेच. त्या पाण्याने पकड सैल होऊ नये, म्हणून माशाच्या छातीच्या परांचा आतील भाग सारखा हलत राहतो आणि झिरपलेले पाणी बाहेर लोटतो. बाहेरचा भाग धरून ठेवतो आणि आतला भाग पाणी उपसतो, अशी ही श्रमविभागणी आहे.

पहाडी ओढ्यांतील प्राण्यांच्या या चिकटण्याच्या अवयवांवरील त्यांचा विस्तृत प्रबंध १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भिन्न कुळांतले मासे एकाच तऱ्हेच्या पाण्यात राहिल्यामुळे एकमेकांसारखे दिसू लागतात; म्हणून केवळ रूपसाम्यावरून नाते ठरविणे धोक्याचे आहे, हाही बोध या अभ्यासातून मिळाला. हा धोका पुढे त्यांच्या स्वतःच्या उपपत्तीसही चुकविता आला नाही.

सातपुड्याचा पूल

ओढ्यातला मासा ओढ्याशी असा जखडलेला आहे हे एकदा सिद्ध झाले, म्हणजे दुसरा प्रश्न अधिकच तीव्र होतो. भवानियाचे जवळचे नातलग पूर्वेकडील डोंगरांत आहेत. १९४१ साली होरा यांनी म्हैसूर प्रदेशातून बालिटोराचा एक नवा प्रकार आणि सहकाऱ्यासह त्रावणकोरातून ‘बटासिओ’ या वंशाची एक नवी जात वर्णिली. या दोन्ही वंशांचे तेव्हा माहीत असलेले इतर मासे ईशान्य भारतात व त्यापलीकडे होते. अशी उदाहरणे वाढत गेली.

होरा यांचा युक्तिवाद असा होता. पहाडी मासा मैदानात उतरून, मैदान ओलांडून पुन्हा डोंगर चढणार नाही. त्याला एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात जाण्याचा एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे नदीचौर्य. दोन नद्यांची उगमस्थाने पाठीस पाठ लावून असतात. एक नदी आपले खोरे मागे मागे कोरीत जाते आणि अखेर दुसरीचा शिरोभाग आपल्याकडे वळवून घेते. त्या पाण्याबरोबर त्यातील मासेही आयतेच नव्या खोऱ्यात येतात. तेव्हा आसामपासून सह्याद्रीपर्यंत एके काळी सलग डोंगररांग आणि तिच्यावर भरपूर पाणी असले पाहिजे. गारो आणि राजमहाल टेकड्यांच्या मध्ये आज जेथे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाचे सखल मैदान आहे, तेथे पूर्वी उंचवटा असावा. तेथून विंध्य-सातपुड्याच्या रांगेवरून मासे टप्प्याटप्प्याने पश्चिमेस सरकले असावेत आणि शेवटी सह्याद्री गाठून दक्षिणेस वळले असावेत. हा प्रवास भूशास्त्राच्या दृष्टीने अलीकडच्या, म्हणजे प्लाइस्टोसीन काळात, हिमयुगांमुळे हवा थंड व दमट असताना झाला, असे त्यांचे मत होते.

या विचाराची मांडणी त्यांनी १९३७ सालापासून सुरू केली आणि १९४४ साली ती विस्ताराने केली. पुढे ती ‘सातपुडा उपपत्ती’ या नावाने सर्वत्र ओळखली जाऊ लागली. १९४९ साली राष्ट्रीय विज्ञान संस्थेत तिच्यावर परिसंवाद झाला. त्यात मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी सातपुड्याचा विचार पक्ष्यांचा राजमार्ग म्हणून केला. माशांवरून निघालेला प्रश्न असा साऱ्या भारतीय जीवसृष्टीचा प्रश्न झाला. १९५१-५२ या काळात होरा याच विज्ञान संस्थेचे अध्यक्ष होते.

अन्नासाठी मासा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात होरा यांना प्रयोगशाळेबाहेर पडावे लागले. १९४२ ते १९४७ ते बंगाल प्रांताचे मत्स्यव्यवसाय संचालक होते. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. भात आणि मासा हेच जेथील अन्न, तेथे मत्स्यसंवर्धन हा केवळ शास्त्राचा विषय राहू शकत नाही. कलकत्त्याच्या पूर्वेस शहराच्या सांडपाण्यावर चालणारी ‘भेरी’ नावाची तळी आहेत. घाण म्हणून टाकून दिलेल्या पाण्यात मासे वाढविण्याच्या या पद्धतीचा शास्त्रीय विचार होरा यांनी त्या काळात केला. हाच प्रदेश २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत समाविष्ट झाला. आशियातील मत्स्यसंवर्धनावर त्यांनी टी. व्ही. आर. पिल्ले यांच्यासह तयार केलेली पुस्तिका अन्न व कृषी संघटनेने १९६२ साली, म्हणजे होरा यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध केली.

वरुणेचा पूर

इकडे संग्रहालयावर मोठे संकट कोसळले होते. कलकत्त्यावर हवाई हल्ल्याचे भय निर्माण झाल्यामुळे १९४२ साली प्राणिसर्वेक्षणाचा संग्रह व कचेरी बनारस येथे वरुणा नदीच्या काठी असलेल्या ‘कैसर कॅसल’ या वास्तूत हलविण्यात आली. बाँबपासून वाचविण्यासाठी नेलेला हा ठेवा सप्टेंबर १९४३ मध्ये त्याच वरुणेच्या पुरात सापडला. अनेक नमुने पाण्याखाली गेले. बरणीवरील चिठ्ठी धुऊन गेली, तर आत राहतो तो केवळ एक मेलेला मासा. तो कोणत्या ओढ्यातला, कोणत्या दिवशी आणि कोणी धरला, हे सांगणारे काही उरत नाही.

१९४७ साली होरा प्राणिसर्वेक्षणाचे प्रमुख झाले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, फाळणीने त्यांची जन्मभूमी परदेशात गेली होती, आणि त्यांच्या हाती आलेली संस्था बनारसमध्ये पुराच्या खुणा अंगावर घेऊन उभी होती. संग्रह कलकत्त्यास परत आणणे, नुकसान झालेले नमुने निवडणे, जे वाचविता येईल ते वाचविणे आणि संस्थेची घडी पुन्हा बसविणे, ही कामे त्यांच्या कारकीर्दीत झाली. असे काम शोधनिबंधांच्या यादीत दिसत नाही. तथापि त्यावाचून पुढील कोणताही शोधनिबंध उभा राहू शकत नाही. देशाच्या निरनिराळ्या भागांत संस्थेची केंद्रे पुढे निघाली. १९५६ साली शिलाँग येथे आणि १९५९ साली पुणे येथे केंद्र सुरू झाले. हा विस्तार पाहण्यास मात्र होरा हयात नव्हते. संचालकपदावर असतानाच ८ डिसेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

शिलालेख आणि सुश्रुत

होरा यांच्या व्यासंगाची आणखी एक बाजू मराठी वाचकांस विशेष रुचेल. प्राचीन भारतीयांना माशांविषयी काय ठाऊक होते, याचा त्यांनी कसोशीने शोध घेतला. सुश्रुताने नदीतील मासा, तळ्यातील मासा आणि झऱ्यातील मासा यांच्या शरीराचा कोणता भाग जड व कोणता हलका हे सांगून त्याचा संबंध माशाच्या चालण्याशी जोडला आहे. स्वतः होरा ज्या प्रश्नाचा विचार करीत होते, त्याचेच हे जुने रूप होते. १९३५ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य म्हणून सांगितलेले मासे आणि कौटिलीय अर्थशास्त्रातील उल्लेख यांचाही त्यांनी परामर्श घेतला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात गळाने मासे धरण्यावर एक प्रकरण आहे. त्याचा अभ्यास त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केला. पूर्वजांचा केवळ गौरव करणे हा त्यांचा हेतू नव्हता. जुन्या नावाचा मासा आज कोणता, हे ते ओळखू पाहत होते.

उपपत्तीची परीक्षा

सातपुडा उपपत्तीचे पुढे काय झाले? तिची परीक्षा होरा यांच्या हयातीतच सुरू झाली. १९५२ साली ई. जी. सायलस यांनी दक्षिणेतील अशा माशांची तपासणी केली. काही मासे पूर्वेकडील नातलगांपासून थोडेच वेगळे, तर काही फार वेगळे आहेत, असे त्यांनी दाखविले; म्हणजे सर्वांची ताटातूट एकाच काळी झालेली नाही. त्याच वर्षी विल्यम डिल्गर यांनी पक्ष्यांच्या आधारे सातपुड्याऐवजी अरवलीकडून जाणारा मार्ग सुचविला.

भूशास्त्राचा आक्षेप याहून गंभीर ठरला. आज सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड हे सुमारे १,३५० मीटर उंच आहे आणि रांग जागोजाग तुटलेली आहे. प्लाइस्टोसीन काळात ती सलग आणि पुरेशी उंच होती, याचा पुरावा मिळाला नाही. अखेर जीवरसायनशास्त्राने नवे साधन दिले. दोन प्राण्यांच्या आनुवंशिक द्रव्यातील फरकावरून त्यांचे पूर्वज केव्हा वेगळे झाले, याचा अदमास बांधता येतो. सह्याद्रीतील पहाडी माशांच्या अशा अभ्यासात, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, त्यांचे शाखाविभाजन मायोसीन काळातले, म्हणजे प्लाइस्टोसीनपूर्वी कित्येक दशलक्ष वर्षांचे आढळले. होरा यांनी १९२० साली ज्याला नाव दिले, तो भवानियाही या अभ्यासात होता. त्यांनीच नाव दिलेल्या माशाने अशा रीतीने त्यांच्या कालगणनेविरुद्ध साक्ष दिली.

यामुळे होरा यांचे महत्त्व कमी होते काय? तसे मानणे चूक होईल. त्यांनी एक स्पष्ट मार्ग, एक निश्चित काळ आणि एक कार्यकारण सांगितले. म्हणूनच त्यांची उपपत्ती तपासता आली आणि जेथे चुकली तेथे चुकली असे म्हणता आले. मोघम विधानाला असे भाग्य लाभत नाही. सह्याद्रीतील मासे आणि पूर्वेकडील मासे यांच्या नात्याचा प्रश्न आजही तोच आहे. २०१२ साली महाराष्ट्रातील कृष्णा नदीतून बालिटोराची एक नवी जात वर्णिली गेली. ती खरोखर नवी आहे हे ठरविण्यासाठी म्हैसूरच्या ज्या बालिटोराशी तुलना करावी लागते, त्याचे वर्णन होरा यांचे आहे.

शास्त्रज्ञांनी त्यांची स्मृती त्यांच्याच रीतीने जपली आहे. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० साली मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील निमखाऱ्या पाण्यातून एका चिमुकल्या पारदर्शक माशाचे वर्णन केले आणि त्याला ‘होराइक्थिस’ हे नाव दिले. आज त्याची गणना ‘ओरायझियास’ या वंशात होते. केरळातील विहिरीत सापडलेला, जमिनीखालच्या पाण्यात राहणारा आंधळा मासा १९५० साली ‘होराग्लॅनिस’ झाला. पूर्वी या वंशात एकच जात ठाऊक होती. २००४, २०१२ आणि २०२३ या वर्षी आणखी तीन जाती वर्णिल्या गेल्या. होरा यांच्या नावाचे मासे अजून विहिरींतून वर येत आहेत आणि त्यांच्या ओळखीसाठी अभ्यासकांना जुन्या बरण्यांकडे व त्यांवरील चिठ्ठ्यांकडे वळावे लागत आहे.